बोटुकलीचा हिशेब

मार्चमधली गारठलेली सकाळ. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, कुठल्याशा ओढ्यावरच्या पुलापाशी, पाठीवर टाक्या बसवलेला सरकारी ट्रक येऊन थांबतो. खात्याचा माणूस टाकीचं झाकण उघडतो, लांब दांड्याच्या जाळीने आतले ट्राउट मासे उपसून बादल्यांत घालतो. गुडघ्यापर्यंत रबरी बूट चढवलेली गावातली मंडळी त्या बादल्या हातोहात काठाशी नेतात आणि पाण्यात रित्या करतात. मासे लगेच पळत नाहीत. जिथे पडले तिथेच, एकमेकांना चिकटून, घोळका करून राहतात. काठावर दहा-पंधरा बघे असतात. त्यातला कुणीतरी बादलीत डोकावतो आणि हमखास म्हणतो, ‘एवढुसेच? गेल्या वर्षी बरे होते.’

ही कुरकुर ट्राउट सोडणाऱ्या प्रत्येक मुलुखात ऐकू येते. सोडलेले मासे लहान असतात, गळाला लागले तरी तळण्याजोगे नसतात, आमचा पैसा पाण्यात जातो. त्याच काठावर दुसरा एखादा असतो, तो म्हणतो, मोठे नकोत, लहानच सोडा, नदीत वाढू द्या. आणि तिसरा जरा बाजूला उभा असतो. त्याचं म्हणणं, हा ट्रकच परत पाठवा.

आपल्याकडे कोकणात गळाने मासे धरण्याला ‘गरवणं’ म्हणतात. लहानपणी मीही खाडीच्या धक्क्यावर गरवायला बसलो आहे. तीन-तीन तास दोरी हलायची नाही. मग भरतीला बोल लावायचा, आमिषाला लावायचा, शेजारी बडबडणाऱ्या भावाला लावायचा. मत्स्यव्यवसाय खात्याला बोल लावावा हे कुणाच्या स्वप्नातही आलं नाही, कारण तो मासा खात्याने सोडलेला नव्हता. अमेरिकेतला ट्राउट मात्र बऱ्याच ठिकाणी सरकारी असतो. गरवणाऱ्याने परवान्याचे पैसे भरलेले असतात, ट्राउटसाठी वेगळा परवाना काढलेला असतो; शिवाय १९५० सालच्या एका केंद्रीय कायद्यामुळे गळ, काठी, रीळ यांच्या विक्रीवर लागणारा कर राज्यांच्या मत्स्य खात्यांकडे जातो. एवढं मोजल्यावर माणूस निसर्गप्रेमी राहत नाही, गिऱ्हाईक होतो. आणि गिऱ्हाईक माप बघणारच.

मापाची भाषा आपल्या मत्स्यशेतीतही आहे, आणि ती मोठी गोड आहे. अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू जिऱ्याएवढं, म्हणून मत्स्यजिरे. थोडं वाढलं की मत्स्यबीज. बोटाएवढं झालं की बोटुकली. महाराष्ट्रातल्या तलावांत कटला-रोहूचं बीज सोडणाऱ्या कुठल्याही मच्छीमार संस्थेच्या माणसाला विचारा, तो सांगेल की मोठ्या जलाशयात जिरे सोडणं म्हणजे तिथल्या शिकारी माशांना फराळ घालणं. चांगली चार इंची बोटुकली हवी. ट्राउटवाल्यांचं भांडणही थेट इथूनच सुरू होतं. फक्त त्यांच्याकडे बोटुकलीच्या पुढे आणखी एक पायरी आहे: सोडल्या दिवशीच गळाला लावता येईल असा तयार मासा. पेनसिल्व्हेनियात असे तयार मासे वर्षाला तीस लाखांहून जास्त सोडले जातात, सरासरी लांबी अकरा इंचांच्या आसपास. कायद्याने सात इंचांखालचा ट्राउट ठेवता येत नाही आणि हंगामात दिवसाला पाचच नेता येतात.

हा तयार मासा बनतो कसा ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. अंड्यावर आलेली मादी ओल्या हातात धरतात आणि अंगठ्याने तिचं पोट शेपटीच्या दिशेने अलगद दाबत आणतात. नारिंगी अंड्यांची धार कोरड्या भांड्यात पडते; एकेक अंडं भिजलेल्या साबुदाण्याएवढं. त्यावर नराचं दुधट वीर्य पिळायचं आणि पूर्वीच्या पद्धतीप्रमाणे पक्ष्याच्या पिसाने हळूच ढवळायचं. भांडं कोरडं लागतं, कारण ट्राउटचे शुक्राणू पाण्यात मिनिटभरही टिकत नाहीत. पाणी नंतर. दहा अंश सेल्सियसच्या वाहत्या पाण्यात महिनाभराने पिल्लं फुटतात. पण त्याच्या आधी, अर्ध्या वाटेवर, प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके दिसू लागतात. हे डोळे. अंडं या अवस्थेत आलं की बऱ्यापैकी चिवट होतं. ओल्या शेवाळात, बर्फाच्या सान्निध्यात गुंडाळून ते आठवडेच्या आठवडे प्रवास करू शकतं. ट्राउट जगभर पसरला तो या दोन ठिपक्यांच्या जोरावर.

जर्मनीत श्टेफान लुडविग याकोबी याने अठराव्या शतकातच ट्राउटच्या कृत्रिम फलनाची रीत लिहून ठेवली होती. अमेरिकेने ती कारखान्याच्या मापाने राबवली. १८७२ साली लिव्हिंग्स्टन स्टोन कॅलिफोर्नियातल्या मॅक्लाउड नदीकाठी गेला आणि तिथे त्याने सरकारी उबवणी केंद्र उभारलं. मूळ उद्देश सॅमनचा होता. इंद्रधनुषी ट्राउट, म्हणजे रेनबो, नंतर आला. तिथे मजुरीला होते विंटू जमातीचे लोक, ज्यांची ती नदी पिढ्यान् पिढ्यांची होती. पॅसिफिकच्या किनारपट्टीवरचा हा मासा आता अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर आहे.

पिल्लांना पोटाखालची पिवळ्या बलकाची पिशवी संपेपर्यंत खायला लागत नाही. ती संपली की गोळीखाद्य सुरू. मग सिमेंटच्या लांबट हौदांत वर्ष-दीड वर्ष हजारो मासे एकमेकांना घासत वाढतात. गरवणारे असा मासा हातात आल्याबरोबर ओळखतात: पाठीवरचा पर झिजून खुंट झालेला, छातीचे पर दुमडलेले, रंग विटका. माणसाची सावली पडली की रानातला ट्राउट दगडाखाली शिरतो. हौदातला वर येतो, कारण सावलीमागून खाऊ येतो हे तो शिकलेला असतो. हे ठाऊक असलेले काही जण गळावर खोटी माशी बांधायच्या ऐवजी तपकिरी रंगाची खोटी गोळी बांधतात. त्याला ते चेष्टेने माशीच म्हणतात.

आता हिशेब. बोटुकली स्वस्त, कारण तिने हौदात थोडेच महिने आणि थोडंच खाद्य खाल्लेलं असतं. एका तयार माशाच्या खर्चात बोटुकल्यांची बादली भरते. पाणी थंड, खाद्य मुबलक आणि मोठ्या माशांची गर्दी नसलेलं तळं असेल, तर बोटुकली सोडणं हाच शहाणपणा. दोन वर्षांनी तिला नवे पर फुटलेले असतात, अंगावर रंग चढलेला असतो आणि ती गळाला अशी झुंजते की काठावरचा माणूस तिला रानातलीच समजतो. वाहत्या ओढ्यात मात्र बहुतेक बोटुकल्या बगळ्यांच्या, बदकांच्या आणि ब्राउन ट्राउटच्या पोटात जातात, उरलेल्या पहिल्या हिवाळ्यात. उलट तयार मासा महागडा, पण त्याचा निकाल काही आठवड्यांत लागतो: गळाला लागला तर लागला, नाहीतर बहुधा मेला. आयडाहो राज्याने माशांना खुणेच्या पट्ट्या लावून पाहिलं, तेव्हा मासा जितका लांब सोडावा तितका तो गळाला लागून परत मिळण्याची शक्यता वाढते असं दिसलं. मग त्यांनी दहा इंचींची संख्या उतरवून बारा इंची सोडायला सुरुवात केली. म्हणजे बादलीत डोकावून नाक मुरडणारा तो माणूस अगदीच चुकीचा नव्हता. खात्यांना आकडा छापायला आवडतो, ‘यंदा इतके लाख मासे सोडले’. पण सोडलेला आकडा आणि नदीतला आकडा यांची गाठ क्वचितच पडते.

आणि तरीही, माझ्या मते, ट्रकपासून लांब उभ्या असलेल्या त्या तिसऱ्या माणसाचं म्हणणं सगळ्यात आधी ऐकायला हवं होतं.

रॉबर्ट बॅकमन नावाच्या संशोधकाने पेनसिल्व्हेनियातल्या स्प्रूस क्रीकवर मचाण बांधलं आणि तीन हंगाम वरून ट्राउट पाहिले. अंगावरच्या ठिपक्यांवरून तो एकेक मासा ओळखू लागला. १९८४ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. रानातल्या ब्राउन ट्राउटचं आयुष्य त्यात विलक्षण काटकसरीचं दिसतं. दगडाआड पाणी संथ असतं आणि हातभर अंतरावरून वेगवान धार खाद्य घेऊन जात असते; अशी जागा धरून मासा बसतो, शेपूट जेमतेम हलवतो, तोंडाशी आलेला किडा टिपतो आणि परत जागेवर. चांगली जागा कुणाची हे ठरलेलं असतं. लहान मासा मोठ्याला वाट देतो, भांडणं फार लांबत नाहीत. या वस्तीत हौदातले मासे आणून सोडले की त्यांना या रीतिभाती ठाऊकच नसतात. ते हिंडत राहतात, कुणाच्याही जागेत घुसतात, विनाकारण मारामारी करतात आणि खातात कमी. चाळीत रात्री बारा वाजता लाउडस्पीकर लावणारं बिऱ्हाड यावं तसं. ते बिऱ्हाड लवकरच उठतं, म्हणजे उपाशी मरतं. पण तोवर जुन्या भाडेकरूंचीही झोप उडालेली असते, आणि ट्राउटच्या जगात वाया गेलेली ताकद हिवाळ्यात जिवावर बेतते.

माँटाना राज्यात हेच नदीच्या मापाने सिद्ध झालं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिक व्हिन्सेंट हा राज्याचा जीवशास्त्रज्ञ मॅडिसन नदीत विजेच्या सौम्य झटक्याने मासे वर आणून मोजत होता. जिथे दर वर्षी तयार रेनबो सोडत, तिथे रानातले मासे कमी भरत होते. त्याने उलटापालट करून पाहिली. नदीच्या ज्या पट्ट्यात मासे सोडले जात होते तिथे ते थांबवले. आणि जवळच्या ओडेल क्रीकमध्ये, जिथे सोडत नव्हते, तिथे सुरू केले. काही वर्षांत मॅडिसनच्या त्या पट्ट्यात मोठे ब्राउन ट्राउट दुपटीहून जास्त झाले, रानातले रेनबो कित्येक पटींनी वाढले. ओडेल क्रीकमध्ये ब्राउन जवळपास निम्म्यावर आले. म्हणजे माणसं पैसे मोजून, ट्रकने मासे आणून, नदीतले मासे कमी करत होती.

हे ऐकून लोकांनी व्हिन्सेंटचा सत्कार केला असेल असं वाटेल. झालं उलटं. गळाची दुकानं, मोटेलं चालवणारे संतापले. ट्रक बंद झाला तर प्रवासी येतील कशाला? खात्यातले लोकही कुरकुरले, कारण उबवणी केंद्रं चालवणं हेच खात्याचं काम असा त्यांचा समज शंभर वर्षांत पक्का झाला होता. तरी १९७४ साली माँटानाने रानातले ट्राउट असलेल्या वाहत्या नद्यांमध्ये मासे सोडणं बंद केलं. तळ्यांत चालू ठेवलं. त्याच माँटानाच्या नद्यांवर आज जगभरातून माणसं गरवायला येतात.

हौदांतून आणखी एक गोष्ट बाहेर पडली. ट्राउटच्या पिल्लांच्या कुर्च्या पोखरणारा एक सूक्ष्म परजीवी युरोपातून आला. मासे स्वतःभोवती गरगर फिरतात म्हणून या रोगाला ‘गरगर रोग’ म्हणायला हरकत नाही. बाधित उबवणी केंद्रांतल्या माशांबरोबर तो राज्याराज्यांत पोचला. १९९० च्या दशकात तो मॅडिसनमध्येच सापडला आणि तिथले रेनबो झपाट्याने घटले. जिने ट्रक परत पाठवला होता त्याच नदीवर ही वेळ यावी, याला काय म्हणावं.

बोटुकलीची सगळ्यात उंचावरची गोष्ट सिएरा नेवाडा पर्वतातली आहे, आणि ती अक्षरशः आकाशातून पडते. तिथली उंचावरची बहुतेक तळी हिमनद्यांनी कोरलेली, धबधब्यांमुळे खालच्या माशांना अगम्य. त्यांत एकही मासा नव्हता. एकोणिसाव्या शतकापासून हौशी माणसांनी खेचरांच्या पाठीवर दुधाच्या कॅनमधून ट्राउट वर नेले. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानं आली. विमान तळ्यावरून कमी उंचीने जातं, पोटातली झडप उघडते आणि दोन-तीन इंची बोटुकल्या पाण्याच्या फवाऱ्याबरोबर खाली पडतात. वजन इतकं कमी की बहुतेक जगतात. शेजारच्या भागात, युटा राज्यातही, ही रीत १९५६ पासून आहे. दोन दिवस डोंगर चढून आलेल्या माणसाला संध्याकाळी तळ्यात ट्राउटची वलयं दिसली तर त्याने नाक का मुरडावं? पण त्या बिनमाशांच्या तळ्यांत पिवळ्या पायांचा एक बेडूक होता. त्याचे बेडूकमासे दोन-तीन वर्षं पाण्यातच काढतात. एवढा काळ ट्राउटच्या शेजारी काढणं त्यांना जमलं नाही. रोलंड नॅप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही तळ्यांतले ट्राउट जाळ्यांनी पुरते काढून टाकले, तेव्हा बेडूक परत वाढले. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात १९९१ मध्ये मासे सोडणं थांबलं.

एवढं सांगून ट्रकवाल्यांची बाजू सोडून देणं अन्यायाचं होईल. पेनसिल्व्हेनियातले कित्येक ओढे जूनअखेर इतके तापतात की ट्राउट त्यात जगूच शकत नाही. वीस अंशांच्या वर पारा गेला की त्याला धाप लागते, पंचविशीच्या आसपास तो मरतो. अशा ओढ्यात रानातला ट्राउट मुळातच नाही, मग बिघडायचं काय? एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सकाळी आठ वाजता तिथे हंगाम उघडतो. पावणेआठपासून दोन्ही काठांवर माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात, आजोबा नातवाच्या गळाला आमिष लावून देत असतात, सगळ्यांचं लक्ष घड्याळात, आणि आठच्या ठोक्याला शेकडो दोऱ्या एकदम पाण्यात. दोऱ्यांचा गुंता होतो, कुणी ओरडतं, कुणी हसतं. ही जत्रा आहे, आणि जत्रेचा मासा जत्रेपुरता असला तर काही वाईट नाही. राज्यानेही १९८३ पासून ओढ्यांची प्रतवारी लावून, रानातल्या ट्राउटने समृद्ध असलेले ओढे ट्रकच्या यादीतून वगळले. जत्रेत नवलाईही लागते: वेस्ट व्हर्जिनियाच्या एका केंद्रात पिवळीधमक रेनबो मादी निपजली होती, तिच्या वंशाचे सोनेरी ट्राउट राज्याच्या शताब्दीला, १९६३ साली, नद्यांत सोडले गेले. घारीला ते दुरून दिसतात. पोरांनाही.

ट्राउट आपल्याकडेही आला, त्याच डोळे उमटलेल्या अंड्यांच्या वाटेने. काश्मीरसाठी ब्रिटनहून निघालेली पहिली खेप १८९९ मध्ये वाटेतच नासली. पुढच्या वर्षीची पोचली आणि हरवनला केंद्र उभं राहिलं. निलगिरीत, कुलूत, मुन्नारच्या चहामळ्यांवर साहेबांनी आपापली सोय करून घेतली. महाराष्ट्राचं पाणी या माशाला उष्ण पडतं, त्यामुळे आपला त्याच्याशी संबंध नाही. पण बोटुकलीच्या हिशेबाशी आहे, तोही लोणावळ्याचा.

कर्नल साइक्सने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या एका महसीरची शास्त्रीय नोंद केली आणि स्थानिक नावावरूनच त्याला ‘खुद्री’ म्हटलं. आजची मुळा-मुठा पुलावरून पाहणाऱ्याला हे सांगून पाहा. हा निळसर परांचा महसीर धरणांमुळे आणि सुरुंगांच्या मासेमारीमुळे घटू लागला, तेव्हा १९७० च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला वळवण धरणापाशी त्याचं प्रजनन हाती घेतलं. काम कळकळीचं होतं आणि यशस्वीही झालं. लाखो बोटुकल्या तयार झाल्या आणि देशभर गेल्या. काही कावेरीत गेल्या.

कावेरीत स्वतःचा महसीर होता. पाठीला उंच कुबड, नारिंगी पर, अवाढव्य. १९४६ मध्ये काबिनी या कावेरीच्या उपनदीवर व्हॅन इंगेन यांनी गळाने धरलेला १२० पौंडी महसीर अजूनही विक्रम म्हणून सांगितला जातो. या माशासाठी परदेशातून माणसं यायची. गरवणाऱ्यांच्याच संस्थांनी नदी भाडेपट्ट्याने घेतली, राखणदार नेमले, सुरुंग बंद केले, धरलेला मासा परत सोडण्याचा नियम केला आणि, नदीचं भलं व्हावं म्हणून, लोणावळ्याच्या बोटुकल्या सोडल्या. त्या जगल्या, वाढल्या, नदीतच विणीला लागल्या. ट्रकच्या मागे लागणाऱ्यांना जे कधी मिळालं नाही ते इथे मिळालं होतं: सोडलेला आकडा नदीत दिसत होता.

गरवणाऱ्यांच्या तळांवर एक वही असते. तारीख, किती तास बसलो, किती मासे, कुठला प्रकार, वजन. एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि सहकाऱ्यांनी कावेरीकाठच्या एका तळाच्या १९९८ ते २०१२ च्या वह्या काढल्या. माशांची संख्या वर्षागणिक वाढत गेली होती. वाचणाऱ्याला वाटावं, नदी सुधारतेय. वजनाच्या रकान्यात मात्र सरासरी उतरत गेली होती. आणि प्रकाराच्या रकान्यात नारिंगी पर विरळ होत होत, निळे पर भरत चालले होते. २०१८ मध्ये कुबडवाल्या महसीरची शास्त्रीय ओळख अखेर निश्चित झाली, ‘टॉर रेमादेवी’, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. शंभर वर्षं फोटो काढून घेतलेल्या माशाला तोवर धड शास्त्रीय नावही नव्हतं. लोणावळ्याचा खुद्री मात्र दोन वर्षांनी संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला.

त्या वह्या आता बंद आहेत. कावेरीचा तो पट्टा अभयारण्यात येतो आणि २०१२ नंतर तिथे गरवायला परवानगी उरली नाही. माशांची संख्या किती झाली हे आता काठावरून लिहून ठेवणारंही कुणी नाही.